एकाच पट्ट्यात चार केंद्रे: समुद्रप्रवाह मोजणाऱ्या रडारांच्या वेळापत्रकाचा हिशेब

तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कल्पाक्कम आणि कडलूर ही दोन ठिकाणं एकमेकांपासून साधारण 90 किलोमीटरवर आहेत. दोन्हीकडे समुद्राच्या पृष्ठभागावरचे प्रवाह मोजणारं रडार आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने देशात अशी दहा केंद्रं, म्हणजे पाच जोड्या उभ्या केल्या: गुजरातेत जेग्री आणि वासी बोरसी, आंध्रच्या किनारपट्टीवर मछलीपट्टणम आणि यानम, ओडिशात पुरी आणि गोपाळपूर, अंदमानात पोर्ट ब्लेअर आणि हटबे, आणि तामिळनाडूतली ही जोडी. या किनाऱ्याचा भूगोल आणि या जातीच्या रडारचे नेहमीचे आकडे घेऊन एक प्रश्न सोडवायला मी बसलो. ही सगळी केंद्रं एकाच चिंचोळ्या रेडिओपट्ट्यात एकमेकांच्या कानात न ओरडता कशी बसवायची? खालचा आराखडा माझा आहे. केंद्रांवर प्रत्यक्ष काय चालतं याचा तो अहवाल नाही.

आधी जोडी का लागते ते पाहू. हे रडार विमान किंवा जहाज शोधत नाही, ते लाटा ऐकतं. 1955 मध्ये न्यूझीलंडच्या क्रॉम्बी यांनी दाखवून दिलं की रडारच्या तरंगलांबीच्या बरोबर निम्म्या लांबीच्या समुद्रलाटा प्रतिध्वनी जोरात परतवतात. 4.5 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 66.7 मीटर, म्हणून 33 मीटर लांबीच्या लाटा ऐकू येतात. अशी लाट खोल पाण्यात ठरलेल्या वेगाने चालते आणि तिचा डॉप्लर, म्हणजे तिच्या हालचालीमुळे प्रतिध्वनीच्या वारंवारतेत पडणारा फरक, 0.216 हर्ट्झ असतो, रडारकडे येणारी असेल तर अधिक, दूर जाणारी असेल तर उणे. पाण्यालाच प्रवाह असला की पडद्यावरची ही डॉप्लरची रेषा थोडी सरकते, आणि ते सरकणं म्हणजेच आपलं मोजमाप. पण एका रडारला पाणी फक्त आपल्याकडे येतंय की आपल्यापासून जातंय एवढंच कळतं. आडवा घटक त्याला दिसत नाही. दिशेसह पूर्ण प्रवाह हवा असेल तर तेच पाणी दुसऱ्या कोनातून पाहणारं दुसरं रडार लागतं.

प्रकरणाची खरी गाठ इथे आहे. दोघांनी एकच पाणी पाहायचं म्हटलं की दोघं एकमेकांना ऐकणारच. केंद्रं दूर नेऊन हस्तक्षेप टाळावा तर मोजमापच हातचं जातं.

पट्टाही छोटा आहे. जिनिव्हाच्या 2012 च्या जागतिक रेडिओ परिषदेपर्यंत सागरी रडारांना उच्च वारंवारतेत हक्काची जागा नव्हती, प्रायोगिक परवान्यांवर काम चालायचं. त्या परिषदेने काही चिंचोळे पट्टे दिले. त्यांतला लांब पल्ल्याला उपयोगी एक पट्टा 4438 ते 4488 किलोहर्ट्झचा, म्हणजे सगळा मिळून 50 किलोहर्ट्झ. आपल्या भागात तिथे या रडारांचा हक्क दुय्यम आहे. मूळ मालक स्थिर आणि फिरती संदेशवहन सेवा. त्यांना त्रास द्यायचा नाही आणि त्यांच्याकडून होणाऱ्या त्रासाची तक्रारही करायची नाही. एक अट मला फार आवडते: प्रत्येक केंद्राने ठरावीक अंतराने, जास्तीत जास्त वीस मिनिटांनी, आपलं नाव मोर्समध्ये पाठवायचं. कोणाला आवाज खुपला तर तो कोणाचा हे कळायला हवं.

या रडारचा सिग्नल म्हणजे एक लांब शिट्टी. एका सेकंदात ती 25 किलोहर्ट्झ सरकते आणि पुन्हा मूळ जागी येते. या एका फेरीला आम्ही स्वीप म्हणतो. प्रतिध्वनी परतेपर्यंत शिट्टी पुढे गेलेली असते, म्हणून जाणाऱ्या आणि येणाऱ्या सुरात फरक पडतो. पाठ्यपुस्तकात या फरकाला विस्पंद म्हणतात, बोलताना आम्ही बीटच म्हणतो. हिशेब सोपा आहे: एक मिलिसेकंद उशीर म्हणजे 25 हर्ट्झचा बीट. 200 किलोमीटरवरून प्रतिध्वनी यायला 1.33 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 33 हर्ट्झ. स्वीप एक सेकंदाचा असल्यामुळे बीटचे खण एकेक हर्ट्झचे पडतात आणि एक खण म्हणजे 6 किलोमीटर समुद्र. आकडे इतके सुटसुटीत जमतात की सगळा आराखडा कागदावर करता येतो. खण क्रमांकाला सहाने गुणा, अंतर आलं.

आता कडलूरने कल्पाक्कमच्याच क्षणी तोच स्वीप सुरू केला असं समजा. कडलूरचा थेट सिग्नल पाण्यावरून 90 किलोमीटर येतो, 0.3 मिलिसेकंदांत. बीट 7.5 हर्ट्झ. कल्पाक्कमच्या पडद्यावर तो सातव्या-आठव्या खणात, म्हणजे किनाऱ्यापासून 45 किलोमीटरवर ठाण मांडून बसतो, आणि त्याच्या मागून कडलूरचे स्वतःचे समुद्रातले प्रतिध्वनी पुढच्या खणांत पसरतात. ते प्रतिध्वनीही 33 मीटरच्या लाटांवरूनच आलेले. डॉप्लरही तोच. पाहणाऱ्याला ते खोटे वाटणारच नाहीत. गोंगाट असता तर ओळखता आला असता. इथे नकाशावर दुसऱ्याच पाण्याचा वेग छापला जातो, आणि माझ्या लेखी हा दोष कोऱ्या नकाशापेक्षा कितीतरी वाईट. बुडालेल्या होडीतला माणूस कुठे वाहत गेला असेल हे ठरवायला असे नकाशे वापरले जातात.

पहिला विचार येतो तो पट्टा वाटून घेण्याचा. 50 किलोहर्ट्झात 25 चे दोनच काप पडतात. अंदमानची जोडी बाजूला ठेवली तर मुख्य भूमीवरची केंद्रं आठ. प्रत्येकाला वेगळा काप द्यायचा तर वाट्याला सहा किलोहर्ट्झ येतात आणि खण 24 किलोमीटरचा होतो. मग मोजायचं काय? पाळीपाळीने बोलावं म्हटलं तर डॉप्लर बारीक वाचायला सलग 17 मिनिटं, म्हणजे 1,024 स्वीप ऐकावं लागतं. चार केंद्रांची पाळी तासाभरात एकदा येते, आणि भरती-ओहोटीच्या समुद्रात तासात पाणी बरंच बदलतं. प्रत्येक केंद्राला वेगळा सांकेतिक क्रम देण्याची मोबाइलवाल्यांची वाटही आहे. सेकंदाच्या स्वीपमध्ये 25,000 चिन्हांचा क्रम बसतो आणि परक्याची शक्ती साधारण तेवढ्या पटीने दबते. पण दबलेली शक्ती नाहीशी होत नाही, सगळ्या खणांत धुक्यासारखी पसरते. शेजाऱ्याचा थेट सिग्नल आपल्या दूरच्या प्रतिध्वनीपेक्षा काही दहा हजार पट मोठा असू शकतो, तेव्हा हे धुकंही प्रतिध्वनीएवढंच दाट होतं. शिवाय असा क्रम आपल्या कापाच्या काठांबाहेर जास्त सांडतो. दुय्यम हक्क असलेल्याला ते परवडत नाही. शिट्टीचे काठ स्वच्छ राहतात.

म्हणून शिट्टी तीच ठेवायची, पट्टाही तोच, आणि वाटून घ्यायचा तो फक्त सुरुवातीचा क्षण. मुंबईच्या लोकल एकाच रुळावरून ठरावीक मिनिटांच्या फरकाने धावतात तसं. कडलूरने आपला स्वीप 10 मिलिसेकंद उशिरा सुरू केला, तर कल्पाक्कमला त्याचा थेट सिग्नल 7.5 ऐवजी 257.5 हर्ट्झला दिसतो. कल्पाक्कमचं स्वतःचं जग 0 ते 33 खणांत आहे. आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून आपटून येणारा स्वतःचाच प्रतिध्वनी धरला तर फार तर 67, म्हणजे 400 किलोमीटर. अडीचशेच्या पुढचं सगळं गाळून टाकायचं, एवढंच काम. ही युक्ती सागरी रडारांच्या क्षेत्रातल्या डॉन बॅरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. 2005 मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळालं.

लोकलसारखंच इथेही सगळ्यांचं घड्याळ एक हवं. घड्याळातला साधा चांगला क्रिस्टल दहा लाखांत एक भाग चुकतो, म्हणजे सेकंदाला एक मायक्रोसेकंद. ऐकायला ही चूक क्षुल्लक वाटते. तासाला ती 3.6 मिलिसेकंद होते आणि बीटमध्ये 90 हर्ट्झ. सकाळी दूर ठेवलेला शेजारी दुपारच्या आत आपल्या खिडकीत चालत येतो, हळूहळू, एकेक खण ओलांडत, आणि त्या दिवसाच्या नोंदींत समुद्रात एक फिरता प्रवाह असल्यासारखं दिसतं. म्हणून प्रत्येक केंद्राचं घड्याळ जीपीएस उपग्रहांना बांधलेलं असतं. जीपीएसने चूक मायक्रोसेकंदाच्या आत राहते, आणि मायक्रोसेकंद म्हणजे खणाचा चाळिसावा भाग, 150 मीटर. उपग्रह सगळ्यांना फुकट एकच ठोका देतात, त्याच्या जोरावर ही व्यवस्था उभी आहे.

इथवर वाचून वाटेल की सेकंदात 10 मिलिसेकंदांच्या शंभर जागा आहेत, मग शंभर केंद्रं बसतील. बसत नाहीत, आणि त्याचं कारण पुस्तकी वर्णनात बहुतेक वेळा सुटतं.

हे रडार सलग बोलत नाही. बोलण्याचा आणि ऐकण्याचा अँटेना शेजारी-शेजारी असतात. स्वतःच्याच आवाजाने कान बधिर होऊ नयेत म्हणून ते शिट्टीचे तुकडे पाडतं: साधारण एक मिलिसेकंद बोल, एक मिलिसेकंद ऐक. हिशेबासाठी मी हे चक्र नेमकं 2 मिलिसेकंदांचं धरलं. म्हणजे ऐकलेल्या सिग्नलचे सेकंदाला 500 वेळा तुकडे पडतात, आणि असे तुकडे पडले की प्रत्येक सुराच्या नकला 500 हर्ट्झच्या अंतराने तयार होतात. आता कडलूरने 20 मिलिसेकंद उशीर केला तर बीट 507.5 आणि त्याची नक्कल 7.5. शेजारी पुन्हा 45 किलोमीटरवर येऊन बसला. म्हणजे शंभर जागांची रांग नाहीच, 500 हर्ट्झची गोल तबकडी आहे. तिच्यावर काटा 20 मिलिसेकंदांत एक फेरी मारतो आणि सगळ्या केंद्रांना त्या एका फेरीतच बसायचं असतं.

तबकडीचं चित्र डोळ्यांसमोर आणलं की पुढचं सोपं होतं. आपण स्वतः बाराच्या जागी आहोत आणि 0 ते 67 हा आपला जपलेला तुकडा. इतर केंद्रं आपापल्या जागी. सिग्नलला प्रवासात लागणारा वेळ प्रत्येकाला घड्याळाच्या दिशेने पुढे ढकलतो, मागे कधीच नाही. त्यामुळे आपल्या तुकड्यानंतर लगेच बसलेल्या केंद्राची भीती नाही, ते आपल्यापासून दूरच सरकेल. धोका आपल्या आधी, म्हणजे दहा-अकराच्या जागी बसलेल्याचा. तो पुढे सरकत बारा ओलांडतो आणि आपल्या किनाऱ्यावर येतो.

आठ केंद्रं दोन कापांत विभागायची म्हणजे एका कापात चार. जवळच्या जोडीतले दोघं वेगवेगळ्या कापांत टाकावेत असा मोह होतो, कारण तेच एकमेकांना सर्वांत मोठ्याने ऐकतात. मी तसं केलं नाही. जवळच्या शेजाऱ्याचा आवाज मोठा असला तरी तो दिवसरात्र त्याच खणात असतो, त्याचा बंदोबस्त करता येतो. त्रास देतात ती दूरची केंद्रं. 4.5 मेगाहर्ट्झचा सिग्नल रात्री आयनोस्फिअरवरून उसळी मारत हजारो किलोमीटर जातो, आणि तो किती उशिरा पोचेल हे त्या थराच्या उंचीवर ठरतं. जोडी मी एकत्रच ठेवली: तामिळनाडूसोबत गुजरात एका कापात, आंध्र आणि ओडिशा दुसऱ्यात.

पहिल्या कापातली चार केंद्रं मी आधी सरळ समान वाटली: 0, 5, 10, 15 मिलिसेकंद, म्हणजे तबकडीवर बारा, तीन, सहा, नऊ. ही वाटणी चुकली. नऊच्या जागी वासी बोरसी, म्हणजे 375 हर्ट्झ. तिथून कल्पाक्कम सुमारे 1,200 किलोमीटर. 300 किलोमीटर उंचीच्या थरावरून एक उसळी घेऊन आलेला सिग्नल 1,342 किलोमीटर चालतो, त्यासाठी 112 हर्ट्झ पुढे: 487, अगदी काठावर. दोन उसळ्या घेतलेला 1,697 किलोमीटर चालतो, 141 हर्ट्झ पुढे: 516. पाचशे ओलांडले, उरले 16. सोळावा खण म्हणजे कल्पाक्कमपासून 96 किलोमीटर. गुजरातेतलं केंद्र रात्री बंगालच्या उपसागरात उगवतं, आणि दिवसा तपासणाऱ्या माणसाला त्याचा मागमूसही लागत नाही.

तेव्हा नियम उलगडून लिहिले. दूरच्या दोघांत दोन्ही बाजूंनी किमान 141 हर्ट्झचं अंतर हवं, वर थोडी मोकळीक. जवळच्या दोघांत किमान 83, म्हणजे समोरच्याचे प्रतिध्वनी संपेपर्यंत आपली खिडकी उघडू नये. दोन्ही बाजूंनी पाहणं विसरता येत नाही, कारण मी तुम्हाला 90 वर पाहतो तेव्हा तुम्ही मला 410 वर पाहता. यातून जे उत्तर आलं ते असमान आहे: कल्पाक्कम 0, कडलूर 3.6, जेग्री 10, वासी बोरसी 13.6 मिलिसेकंद. तबकडीवर 0, 90, 250, 340. जोडीतले दोघं चिकटून आणि दोन जोड्या समोरासमोर. कल्पाक्कमला वासी बोरसी आता 340 अधिक 141, म्हणजे 481 वर दिसतं. बाराच्या अलीकडे 19 खण शिल्लक. तिसऱ्या उसळीचा क्षीण अवशेष मात्र रात्री आत शिरू शकतो. त्याच्यावर दुसरं कुंपण डॉप्लरचं: थेट आलेल्या सिग्नलचा डॉप्लर शून्याजवळ असतो आणि आपल्याला हव्या रेषा 0.216 च्या आसपास.

कडलूरची 3.6 मिलिसेकंदांची फट पाहा. साधा क्रिस्टल तासाभरात नेमका एवढाच घसरतो. या आराखड्यात जीपीएसचा अँटेना एक तास बंद पडला तर कडलूर थेट कल्पाक्कमच्या डोक्यावर येऊन बसू शकतं. म्हणून मी एक अट जोडली: उपग्रहाचा ठोका हरवला की केंद्राने बोलणं थांबवावं. आपली नोंद गेली तर गेली, शेजाऱ्याची खराब करायची नाही.

स्वीप एकाऐवजी दोन सेकंदांचा करावा असंही मनात आलं. शिट्टी हळू सरकली की सगळे बीट निम्मे होतात आणि तबकडीवर दुप्पट जागा मिळते. पण मग सेकंदाला अर्धाच स्वीप, आणि डॉप्लर फक्त उणे 0.25 ते अधिक 0.25 हर्ट्झपर्यंतच स्पष्ट वाचता येतो. लाटेनेच 0.216 घेतले. प्रवाहासाठी उरले 0.034, म्हणजे सेकंदाला 1.1 मीटर. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर एवढ्यात बहुतेक वेळा भागेल. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी नाही. तिथे भरती-ओहोटीचं पाणी याहून कितीतरी जोरात धावतं, आणि त्या वेगाची रेषा पडद्याच्या एका काठातून बाहेर जाऊन दुसऱ्या काठातून उलट्या चिन्हाने आत येईल. भरतीला ओहोटी वाचली जाईल. म्हणून एक सेकंदच ठेवला.

शेजाऱ्याला 90 वर बसवल्यावर एक गोष्ट हाती येते ती मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. कल्पाक्कमने गाळून टाकलेल्या 97 ते 165 या खणांत काय आहे? कडलूरने पाठवलेला आणि समुद्रावरून उडून कल्पाक्कमला आलेला प्रतिध्वनी. दोन्ही घड्याळं एकच, सुरुवातीचा फरक माहीत, केंद्रांतलं अंतर माहीत. मग तो गाळायचा कशाला? तिथे दुसरी खिडकी उघडली की तिसऱ्या कोनातून तेच पाणी दिसतं. या कोनात समान उशिराच्या जागा वर्तुळावर नसतात, दोन्ही केंद्रांभोवतीच्या लंबवर्तुळावर असतात. आणि जिथे दोन रडारांच्या नजरा जवळजवळ एका रेषेत येऊन आडवा प्रवाह हरवतो, त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या आसपास हा तिसरा कोन नेमका उपयोगी पडतो. रेषेवर मात्र तोही आंधळा. नवा ट्रान्समीटर नाही, नवा परवाना नाही. जोडी एकाच कापात ठेवण्याचं माझं दुसरं कारण हेच होतं.

पहिल्या दहा केंद्रांत महाराष्ट्र आणि गोवा नव्हते. कोकणात एक जोडी आली तर ती कुठे बसेल हे मी साहजिकच तपासलं. पहिल्या कापात जागा नाही: तामिळनाडूशी 150 हर्ट्झचं अंतर राखायचं तर 240 ते 350 च्या दरम्यान बसावं लागतं, आणि तिथे गुजरात आधीच आहे. मार्ग एकच दिसतो, सगळ्यांनीच शिट्टी आखूड करायची. स्वीप 16.7 किलोहर्ट्झचा केला तर 50 मध्ये तीन काप पडतात, आणि शिट्टी हळू झाल्याने प्रत्येक तबकडीवरची जागाही दीडपट होते. डॉप्लरला धक्का लागत नाही, कारण सेकंद तोच राहतो. किंमत खणात द्यावी लागते: 6 किलोमीटरचा 9 किलोमीटरचा होतो. खंभातच्या अरुंद तोंडात ती किंमत जड आहे. रत्नागिरीसमोरच्या उघड्या समुद्रात, जिथे पहिल्या दहा केंद्रांतला एकही खण नव्हता, तिथे मी ती देईन.